पंचवीस माणसं आणि पंचवीस लाखांचं यंत्र

मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी एसटीतून उतरा. स्थानकातल्या बाकाच्या पाठीवर, पाणपोईच्या कपाळावर, स्मशानभूमीतल्या शेडच्या पत्र्यावर एखादं दातेरी चाक रंगवलेलं दिसेल, नाहीतर एकमेकांकडे पाठ केलेले दोन सिंह. खाली ‘सौजन्य’ आणि क्लबचं नाव. बाक, पाणपोई समजण्यासारखी आहे. चार दुकानदारांनी मनावर घेतलं तर होऊन जाते. पण तेच चाक कधी रुग्णालयातल्या डायलिसिसच्या यंत्रावर दिसतं आणि मग माणूस हिशोब करू लागतो. एवढ्याशा क्लबात सभासद ते किती, आणि हा पैसा आला कुठून?

चहाच्या टपरीवर या प्रश्नाची दोन उत्तरं तयार असतात. एक, ‘मोठ्या लोकांचा क्लब आहे, त्यांना काय कमी!’ दुसरं, ‘बाहेरून डॉलर येतात, इथं फोटो निघतात.’ दोन्ही उत्तरांत थोडं तथ्य आहे, पण यंत्र चालतं कसं हे दोन्हीतून कळत नाही. ते कळावं म्हणून एक क्लब कल्पनेतच काढू. जालना आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या मधलं बदनापूर घेऊ. रेल्वे स्टेशन, तहसील, मोसंबीच्या बागा, तुरीचं संशोधन केंद्र असं सगळं असलेलं गाव. समजा, इथे पंचवीस जणांचा एक रोटरी क्लब आहे. लायन्सची रचना थोड्याफार फरकाने अशीच असते. जिथे फरक महत्त्वाचा आहे तिथे सांगेन.

एका धंद्याचा एक माणूस

२३ फेब्रुवारी १९०५ या दिवशी शिकागोत चार माणसं एका कचेरीत बसली. पॉल हॅरिस हा वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनिअर आणि एक शिंपी. कचेरी होती युनिटी बिल्डिंगमधल्या ७११ क्रमांकाच्या खोलीत. (बदनापूरकरांना ७११ हा आकडा वेगळ्या कारणाने पाठ आहे. बीडीएन-७११ ही इथल्या केंद्राची पांढऱ्या दाण्याची तूर. दोन्हींचा काही संबंध नाही, पण आकडा लक्षात राहील.) पुढच्या बैठका पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत व्हायच्या, म्हणून नाव पडलं ‘रोटरी’, म्हणजे फिरती.

या चौघांच्या धंद्यांकडे पुन्हा पाहा. एकही जोडी सारखी नाही. तो योगायोग नव्हता, आणि पुढे तर तो नियमच झाला. एका व्यवसायाचा शक्यतो एकच सभासद घ्यायचा. उघड हेतू असा की सभासदांनी एकमेकांना गिऱ्हाइकं द्यावीत आणि बैठकीत स्पर्धक समोरासमोर येऊ नयेत. सुरुवातीला हा क्लब धंद्यापुरताच होता, समाजसेवा मागाहून आली. १९०७ च्या सुमाराला त्यांनी शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं म्हणून पाठपुरावा सुरू केला. विरोध कोणी केला असेल? बिअर बनवणाऱ्यांनी आणि मोठ्या दुकानदारांनी. कारण लोक निसर्गाच्या हाकेसाठी गुत्त्यात किंवा दुकानात शिरायचे आणि शिरले की काहीतरी विकत घ्यायचे.

आपल्याला ही ‘एका धंद्याचा एक’ कल्पना परकी वाटायला नको. गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार, न्हावी असे बलुतेदार असायचे ते याच हिशोबाने. गावाचं कुठलंही काम निघालं तरी ते करणारा हात गावातच सापडायला हवा. आपल्या काल्पनिक क्लबात एक बालरोगतज्ज्ञ आहे, एक मेडिकल दुकानवाला, एक कृषी सेवा केंद्राचा मालक, मोसंबीचा एक अडत्या, हार्डवेअरवाला, छपाईवाला, मंडपवाला, शिक्षक, वकील आणि जालन्याहून येणारा सीए. आता नेत्रतपासणीचं शिबिर ठरलं की मंडप, पत्रकं, औषधं, हिशोब आणि शाळेच्या खोल्या यांपैकी बरंच काही बाजारभावाने विकत घ्यावंच लागत नाही. क्लबची पहिली श्रीमंती ही आहे. ती खतावणीत दिसत नाही, म्हणून टपरीवरच्या हिशोबात येत नाही.

बलुतेदारी जन्माने ठरायची. इथे निमंत्रणाने ठरते, आणि निमंत्रण सहसा ज्याला वर्गणी परवडते त्यालाच जातं. रोटरीने स्त्रियांना जगभर सभासदत्व खुलं केलं ते १९८९ साली, लायन्सने १९८७ साली. तोवर रोटरी सभासदांच्या पत्नींसाठी ‘इनरव्हील’ हा वेगळा क्लब होता, १९२४ साली इंग्लंडातल्या मँचेस्टरमध्ये सुरू झालेला. आजही तालुक्याच्या गावच्या क्लबात शेतमजूर किंवा अंगणवाडी सेविका सभासद म्हणून शोधावी लागते. गावाची गरज ज्यांना आतून माहीत आहे तेच टेबलाशी नाहीत, हे या रचनेचं मोठं व्यंग आहे असं मला वाटतं.

वर्गणी मुरते कुठे

सभासदाकडून दरवर्षी वर्गणी घेतली जाते. तिच्यातले सुमारे ऐंशी डॉलर, म्हणजे सहा-सात हजार रुपये, आंतरराष्ट्रीय संघटनेला जातात. काही भाग ‘डिस्ट्रिक्ट’ला जातो. हा जिल्हा कलेक्टरचा नव्हे. क्लबांच्या भाषेत अनेक महसुली जिल्हे मिळून एक डिस्ट्रिक्ट होतो. जालना आणि संभाजीनगरचे रोटरी क्लब ३१३२ क्रमांकाच्या डिस्ट्रिक्टमध्ये येतात. त्याच्या प्रमुखाला मराठीत प्रांतपाल म्हणतात. उरलेल्या पैशांतून हॉलचं भाडं, नाश्ता, टपाल आणि पदग्रहण सोहळा निघतो.

वर्गणीच्या पैशातून सेवाकार्य जवळजवळ होतच नाही. वर्गणी म्हणजे घरखर्च. नीट चालणाऱ्या क्लबात बँकेची दोन खाती असतात, एक कारभाराचं आणि एक प्रकल्पांचं. लोकांकडून सेवेसाठी गोळा केलेला रुपया पहिल्या खात्यात गेला, तर तो बिर्याणीत गेला असं समजावं. कुठल्याही क्लबला देणगी देण्याआधी ‘प्रकल्पाचं खातं वेगळं आहे का?’ एवढं विचारावं. उत्तर देताना खजिनदार अडखळला तर पाकीट पुन्हा खिशात ठेवायला हरकत नाही.

पायाभूत बियाण्याचा हिशोब

मग पंचवीस लाखांचं यंत्र कसं येतं? ते समजायला बदनापूरच्याच संशोधन केंद्राच्या कुंपणापाशी थांबावं लागेल.

तुरीचा नवा वाण तयार झाला की शास्त्रज्ञांच्या हाती थोडंसंच पैदासकार बियाणं असतं. त्याच्या पिशवीला पिवळं लेबल. ते पेरून त्याचं पायाभूत बियाणं करतात, त्याला पांढरं लेबल. ते पुन्हा पेरून प्रमाणित बियाणं, निळ्या लेबलाचं. तेव्हा कुठे शेतकऱ्याच्या हातात पिशवी येते. पहिल्याच वर्षी डाळ करून खाल्ली असती तर एका घराचं वरण झालं असतं. दोनतीन हंगाम धीर धरला म्हणून तालुका पेरला गेला.

रोटरी फाउंडेशन नावाचा निधी याच धीरावर चालतो. आर्च क्लम्फ या अध्यक्षाने १९१७ साली त्याची कल्पना मांडली आणि पहिली देणगी आली अवघी साडेसव्वीस डॉलरची. आज या निधीच्या वार्षिक खात्यात सभासद जे पैसे देतात ते लगेच खर्च होत नाहीत. तीन वर्षं गुंतवलेले राहतात. त्या गुंतवणुकीच्या उत्पन्नातून फाउंडेशनचा कारभार चालतो. तीन वर्षांनी मुद्दलाचे जवळजवळ निम्मे पैसे ज्या डिस्ट्रिक्टमधून आले त्याच्या नावे परत येतात आणि बाकीचे जागतिक निधीत जातात. म्हणजे आज जे अनुदान हाती पडतं ते तीन वर्षांपूर्वीच्या अध्यक्षाच्या कारकिर्दीतलं पीक असतं.

आता ‘ग्लोबल ग्रँट’. हिच्या अटी कडक आहेत. प्रकल्प किमान तीस हजार डॉलरचा हवा. दोन देशांतले क्लब सोबत हवेत, एक जिथे काम होणार तिथला आणि एक परदेशातला. विषय ठरलेल्या सातांपैकी हवा: शांतता, रोगप्रतिबंध, पाणी व स्वच्छता, माता-बाल आरोग्य, शिक्षण, स्थानिक अर्थकारण, पर्यावरण. आणि गावाची गरज आधी तपासल्याचे कागद जोडावे लागतात.

आकडे मांडून पाहू. यंत्र आणि त्याची जोडणी मिळून तीस हजार डॉलर, ढोबळमानाने पंचवीस लाख रुपये. आपला क्लब पंधराशे डॉलर घालतो. परदेशी क्लब तेवढेच. दोन्हीकडचे डिस्ट्रिक्ट आपापल्या खात्यातून साडेसात हजार देतात, म्हणजे मिळून पंधरा हजार. या पंधरा हजारांवर जागतिक निधी सध्याच्या नियमाने ऐंशी टक्के भर घालतो, म्हणजे बारा हजार. बेरीज तीस हजार. आपल्या पंचवीस जणांच्या खिशातून गेले सव्वा लाख, माणशी पाच हजार. पाटीवर मात्र पंचवीस लाखांचं यंत्र.

यात लबाडी नाही. शेजारपाजारची माणसं मिळून सावड करतात, आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या, तसलाच हा प्रकार आहे. फक्त शेजार सातासमुद्रापलीकडचा. आपल्या डिस्ट्रिक्टने आधी दिलेलं असतं म्हणूनच त्याच्या नावे काही परत येतं. ‘बाहेरून डॉलर येतात’ हे खरं, पण आपल्याच तीन वर्षांपूर्वीच्या रुपयांनी त्यांना वाट करून दिलेली असते.

स्मरणिका, प्रवेशिका आणि कंपन्या

छोट्या कामांना मात्र गावातच पैसे उभे करावे लागतात. जुना आणि हमखास मार्ग म्हणजे स्मरणिका. अर्धी पानं जाहिरातींची. ती जाहिरात वाचून कोणी सिमेंट घेत नाही, हे हार्डवेअरवाल्याला ठाऊक असतं. तो पानाची किंमत देतो ती संबंधांची. दुसरा मार्ग नाटक किंवा गाण्याचा कार्यक्रम. तिकिटाला इथे ‘देणगी प्रवेशिका’ म्हणतात. समजा, प्रवेशिकांतून तीन लाख आले. नाटक कंपनीची रात्र, ध्वनिव्यवस्था, भाडं, जेवण मिळून सव्वादोन लाख गेले. कामासाठी उरले पाऊण लाख. बातमीत येतं ‘तीन लाखांचा निधी संकलित’. वाचकाने अशा बातमीत खर्चाचा आकडा शोधावा. बहुधा सापडत नाही.

थेट देणगीला आयकराची ८०जी सवलत असते, पण क्लबच्या किंवा त्याच्या न्यासाच्या नावे तशी नोंदणी असेल तरच. दोन हजारांच्या वर रोख दिलेल्या रकमेला ती मिळत नाही, आणि करदात्याने नवी करप्रणाली घेतली असेल तर मुळीच नाही. न्यासाचे हिशोब धर्मादाय आयुक्तांकडे जातात.

शिवाय कंपन्यांचा सीएसआर आहे. निव्वळ नफा पाच कोटी किंवा उलाढाल हजार कोटी अशा मर्यादा ओलांडणाऱ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. जालना हे सळ्यांच्या आणि बियाण्यांच्या कारखान्यांचं शहर, तेव्हा हा झरा घराजवळच आहे. पण कंपनीला काम करून देणारी नोंदणीकृत संस्था लागते, आणि क्लबच्या न्यासाचं महत्त्व तिथे येतं. कंपनीकडे पैसा असतो. गावात कोणाचा मोतीबिंदू पिकलाय हे तिला माहीत नसतं.

वीस मिनिटांचा पाहुणा

क्लबच्या बैठकीत सर्वांत जास्त टिंगल होते ती पाहुण्यांच्या भाषणाची. घंटा वाजते, परिचय होतो, शाल-श्रीफळ, वीस मिनिटं व्याख्यान, आभार, नाश्ता. आपल्याकडे न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली, त्यामुळे व्याख्यान ऐकून घरी जाण्याचा आपला सराव दांडगा आहे. क्लबातला पाहुणा मात्र वेगळ्या कामाचा असतो, निदान असावा. त्याने श्रोत्यांना शहाणं केलं नाही तरी चालेल, काम दिलं पाहिजे.

१९२५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ओहायो राज्यात लायन्सचं अधिवेशन भरलं होतं. पाहुण्या होत्या हेलन केलर. लहानपणीच दृष्टी आणि श्रवण गमावलेल्या या बाईंनी, अंधारात चाचपडणाऱ्यांच्या बाजूने लढणारे शिलेदार व्हा, असं आवाहन केलं. तेव्हापासून डोळे हे लायन्सचं घराणंच झालं. भारतात त्यांचा पहिला क्लब १९५६ साली मुंबईत निघाला. आज आपल्या गावी लायन्सचं नेत्रशिबिर भरतं, त्याची मुळं एका पाहुणीच्या भाषणात आहेत.

दुसरी गोष्ट पोलिओची. १९७८-७९ मध्ये रोटरीचे जागतिक अध्यक्ष असलेले क्लेम रेनूफ यांच्या वाचनात एका मासिकातला लेख आला, देवीच्या रोगाच्या उच्चाटनावरचा. त्यांनी संसर्गजन्य रोगांचे शास्त्रज्ञ आणि रोटेरियन जॉन सेव्हर यांना विचारलं, लसीने असा आणखी कोणता रोग हटवता येईल? उत्तर आलं, पोलिओ. १९७९ मध्ये फिलिपिन्समध्ये सुरुवात झाली, १९८५ मध्ये जागतिक मोहीम जाहीर झाली. भारतात १९९५ मध्ये पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली.

त्या मोहिमेत क्लबच्या माणसांनी केलं काय? लस टोचली नाही. ती तोंडावाटे होती आणि पाजणारे बहुतेक आरोग्य कर्मचारी, अंगणवाडी सेविका होत्या. क्लबांनी गाड्या दिल्या, भोंगे लावले, बूथवर मंडप टाकले, टोप्या वाटल्या, बर्फ पुरवला. बर्फ ऐकायला किरकोळ वाटतो. पण लस दुधासारखी असते, उन्हात नासते. आणि नासलेलं दूध वासावरून कळतं, नासलेली लस कळत नाही. म्हणून बाटलीवर रंग बदलणारा एक चौकोन असतो. तो भोवतालच्या वर्तुळाइतका गडद झाला की बाटली फेकायची. मे महिन्यात मराठवाड्यातल्या वस्तीपर्यंत ती बाटली पांढऱ्या चौकोनासकट पोचवणं हेच अर्धं काम होतं. भारतात २००९ साली पोलिओचे ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२, आणि २०११ मध्ये एकच, हावड्यातली एक लहान मुलगी. तो १३ जानेवारीचा रुग्ण देशातला शेवटचा ठरला. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

बदनापूरच्या क्लबला पाहुणा शोधायला मुंबईला जायचं कारण नाही. तुरीवरच्या मर आणि वांझ रोगाबद्दल बोलणारा शास्त्रज्ञ गावातच आहे. फक्त भाषण झाल्यावर नाश्त्याऐवजी एक प्रश्न यावा: ‘साहेब, यात आम्ही पंचवीस जण काय करू शकतो?’

शिबिराच्या पोटात

नेत्रशिबिर हा क्लबांचा सर्वांत यशस्वी उपक्रम का, याला कारण आहे. डोळ्यातलं भिंग हे अंड्याच्या पांढऱ्यासारखं असतं, कच्चं असताना पारदर्शक. वयाने त्यातली प्रथिनं गोळा होऊ लागतात, आणि उकडलेल्या अंड्यासारखं ते पांढरं, अपारदर्शक होतं. अंडं पुन्हा कच्चं होत नाही, तसं भिंगही थेंबांनी स्वच्छ होत नाही. काढून कृत्रिम भिंग बसवणं एवढाच उपाय. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांतल्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व एकट्या मोतीबिंदूमुळे असल्याचं आढळलं. म्हणजे तीनातले दोन अंध थोड्या वेळाच्या शस्त्रक्रियेने पाहू शकतात. एवढा कमी खर्च आणि एवढा डोळ्यांना दिसणारा फायदा दुसऱ्या कुठल्या सेवेत नाही.

पूर्वी शाळेच्या वर्गातच शस्त्रक्रिया व्हायच्या, त्याला ‘नेत्रयज्ञ’ म्हणत. एका दिवशी शेकडो. पण एखादं द्रावण दूषित निघालं की त्या दिवशीचे सगळेच डोळे धोक्यात यायचे. म्हणून आता गावात फक्त तपासणी होते आणि रुग्णांना बसने सुसज्ज रुग्णालयात नेतात. जालन्यात श्री गणपती नेत्रालयासारखं मोठं नेत्ररुग्णालय असल्याने बदनापूरला हे सोयीचं आहे. स्वयंसेवी रुग्णालयाला एका शस्त्रक्रियेमागे सरकारी कार्यक्रमातून ठरावीक अनुदान मिळतं. मग क्लबचं काम काय उरतं?

माणूस आणणं. आजीला दिसत नाही, पण तिला कोणी आणत नाही. कापणीचे दिवस आहेत, सुनेला वेळ नाही. आणली तर साखर वाढलेली निघते आणि डॉक्टर परत पाठवतात. पंधरा दिवसांनी साखर आटोक्यात आणून तिला पुन्हा आणणारा कोणी नसला तर ती शिबिराच्या आकड्यात ‘तपासणी’ म्हणून राहते, दृष्टी म्हणून नाही. शस्त्रक्रियेनंतर महिनाभर थेंब, आणि मग पुन्हा तपासणी. चांगला क्लब ओळखायचा असेल तर तपासणीचा आकडा सोडा, महिन्याने परत किती जण आणले ते विचारा.

रक्तदान शिबिराची गोष्ट उलटी आहे. तिथे जास्त होणं हाच दोष ठरू शकतो. रक्ताची पिशवी साठवणीच्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस टिकते. तिच्यातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट्स पाचच दिवस. पुरुषाला एकदा रक्त दिल्यावर ९० दिवस, स्त्रीला १२० दिवस थांबावं लागतं. आता एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाला एकाच दिवशी चारशे पिशव्या जमल्या तर काय होईल? बाजारात एकदम आलेला मोसंबीचा माल आणि रक्तपेढीतल्या त्या पिशव्या यांत फारसा फरक राहत नाही, थोड्या वाया जातात. आणि ते चारशे दाते पुढचे तीन महिने बाद. मग मे महिन्यात, कॉलेजं बंद असताना, रक्तासाठी धावाधाव. रक्तपेढीला तारीख विचारून चाळीस-पन्नास पिशव्यांची चार शिबिरं घेणारा क्लब वर्तमानपत्रात कमी दिसतो. पण रक्तपेढीवाले त्याच्यावर खूष असतात.

> चौकट : क्लबचा रुपया
> वर्गणी कारभारावर जाते, सेवेवर नाही.
> फाउंडेशनला दिलेला पैसा तीन वर्षांनी फिरून येतो, आणि सोबत इतरांचा आणतो.
> स्मरणिका आणि कार्यक्रमांतून जमा किती, याहून उरलं किती हे महत्त्वाचं.
> मंडप, गाडी, छपाई, डॉक्टरचा वेळ हे सभासदांचं बलुतं. त्याची पावती नसते.

यंत्र की नळ?

आता त्या डायलिसिसच्या यंत्राकडे परत येऊ. निकामी मूत्रपिंडाचं काम ते करतं. रक्त एका बारीक नळ्यांच्या गाळणीतून फिरवतं, आणि नळ्यांबाहेरून वाहणाऱ्या द्रावणात रक्तातली घाण उतरते. हे द्रावण मिनिटाला सुमारे अर्धा लिटर वाहतं. चार तासांच्या एका बैठकीला १२० लिटर, तेही अतिशुद्ध पाण्यात बनवलेलं. असं पाणी आरओने करताना बरंच पाणी वाया जातं ते वेगळं. एका रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा यावं लागतं. म्हणजे दिसायला यंत्र, पण खरं तर तो सतत वाहता नळ आहे. जालना शहराला पैठणच्या जायकवाडीतून पाणी आणावं लागतं; २०१२-१३ च्या दुष्काळाने या जिल्ह्याची काय गत केली ते विसरलेलं नाही. पाणी, तंत्रज्ञ, दर महिन्याची सामग्री आणि दुरुस्तीचा करार यांची सोय नसेल तर पंचवीस लाख प्लास्टिकच्या आवरणाखाली झोपून राहतात. एका गावी मी शुद्ध पाण्याचं केंद्र पाहिलं आहे. फित कापल्याचा फोटो भिंतीवर ताजा होता, तोटी मात्र कोरडी.

असं का होतं, याचं कारण माणसांच्या हेतूत शोधू नये, कॅलेंडरात शोधावं. क्लबचं वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपतं. अध्यक्ष एकाच वर्षाचा. सत्ता कोणाकडे साचत नाही हा या नियमाचा मोठा गुण; आपल्याकडच्या कितीतरी संस्था तहहयात अध्यक्षांनी कुजल्या आहेत. पण प्रत्येक नव्या अध्यक्षाला स्वतःच्या वर्षाचा नवा प्रकल्प हवा असतो. गेल्या वर्षीच्या झाडांना पाणी घालण्याचं पदक कोणी देत नाही. जुलैत लावलेलं झाड खरं तर पुढच्या मे महिन्यात जगतं किंवा मरतं, आणि तेव्हा अध्यक्ष निरोपाच्या भाषणाची तयारी करत असतो.

म्हणून या भागातल्या क्लबसाठी मला सर्वांत शहाणा प्रकल्प वाटतो तो गाळ काढण्याचा. जालन्यातल्या घाणेवाडी तलावातला गाळ नागरिकांनी पुढाकार घेऊन काढला, आणि २०१७ मध्ये राज्याने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनाही आणली. क्लबपुरतं गणित साधं आहे. देणगीदाराने पोकलेनचं डिझेल द्यायचं, शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने ट्रॅक्टर लावून गाळ शेतात न्यायचा. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. तेवढा गाळ निघाला की तलावात सुमारे २,८३० लिटर पाण्याची जागा मोकळी होते. ती जागा करण्यासाठी दुरुस्तीचा करार लागत नाही, तंत्रज्ञ लागत नाही, अध्यक्ष बदलला तरी खड्डा राहतो. तो पुन्हा भरतो, हे खरं, पण एका वर्षात नाही. शिवाय गाळ नेणाऱ्याच्या खिशातून वाहतूक गेलेली असते, त्यामुळे काम किती झालं यावर तोच लक्ष ठेवतो. फक्त यावर पाटी लावायला जागा नसते, हीच काय ती अडचण.

तुमच्या गावात असा क्लब असेल आणि तुमच्या शाळेला, वस्तीला, दवाखान्याला काही हवं असेल, तर पदग्रहण सोहळ्याची वाट पाहू नका. तोवर वर्षाचं वेळापत्रक ठरून गेलेलं असतं. पुढच्या वर्षीचा अध्यक्ष आधीच निवडलेला असतो. त्याचं नाव विचारून घ्या आणि मे महिन्यात त्याला गाठा. सोबत एक कागद न्या: काय हवं, किती जणांना, आणि तीन वर्षांनी त्याची देखभाल कोण करणार. तिसरी ओळ आधी लिहा.